नर नसतानाही पाळीव सापाच्या मादीला अंड्यांचा धोका

अमेरिकेतील सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या एका बॉल पायथन मादीने जुलै २०२० मध्ये सात अंडी घातली, तेव्हा जगभर आश्चर्य व्यक्त झाले. तिचे वय साठीच्या पुढे होते आणि किमान १५ वर्षे तिचा नराशी संबंध आलेला नव्हता. बातमी कौतुकाने वाचली गेली. साप पाळणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र तिचा अर्थ निराळा आहे. मादी एकटी ठेवल्याने अंड्यांचा प्रश्न मिटत नाही. काही माद्या नराचे शुक्राणू दीर्घकाळ साठवून ठेवतात, तर काही फलन न होताच अंडी घालतात. अंडी आली की ती पोटातच अडकण्याची शक्यताही आली.

अंडी नेमकी कधी येणार, याचा सर्वांत भरवशाचा संकेत म्हणजे कात. अंडी घालण्यापूर्वी मादी एकदा कात टाकते. त्यानंतर कॉर्न स्नेक साधारण आठ ते चौदा दिवसांत, तर बॉल पायथन सुमारे चार आठवड्यांनी अंडी घालते. त्यामुळे कातेची तारीख वहीत टिपून ठेवणे, हे कोणत्याही महागड्या उपकरणापेक्षा उपयोगाचे ठरते. या काळात मादी बहुधा खाणे सोडते, शरीराचा मागचा भाग फुगीर दिसू लागतो आणि ती अस्वस्थपणे कोपरे हुंगत फिरते.

ती जागा शोधत असते. निसर्गात नाग किंवा धामणीला उंदराचे बीळ, वारूळ, पालापाचोळ्याचा ढीग सापडतो. काचेच्या पेटीत यातले काहीच नसते. मनाजोगी जागा न मिळाल्यास मादी अंडी रोखून धरते. ओलसर शेवाळ भरलेला, झाकणाला भोक पाडलेला प्लास्टिकचा साधा डबा कात टाकताच पेटीत ठेवला, तर हे टळू शकते. कमी तापमान, पाण्याची कमतरता, बेढब अंडे ही अन्य कारणे. सतत खाऊ घालून लठ्ठ झालेल्या आणि हालचाल नसलेल्या मादीचे स्नायूही कमजोर असतात. हौसेपोटी होणारा हा अपराध बराच सार्वत्रिक आहे.

काही अंडी बाहेर आली आणि दोन दिवस उलटूनही पोटात गोळे दिसत असतील, तर अंडी अडकली असे समजावे. येथे सर्वांत मोठा धोका मालकाच्या हातांचा असतो. पोट दाबून अंडे पुढे सरकवण्याच्या प्रयत्नात अंडनलिका फाटते किंवा बाहेर येते. पशुवैद्यक प्रथम ऊब व पाणी देऊन मादीला सावरतात आणि क्ष-किरण किंवा सोनोग्राफीने अडथळा आहे का, हे पाहतात. अडथळा नसेल तर ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन दिले जाते. पण कासवांमध्ये हमखास लागू पडणारे हे औषध सापांमध्ये तितके प्रभावी नाही आणि उशीर झाल्यास त्याचा उपयोग आणखी घटतो. मग सुईने अंड्यातील द्रव काढून ते लहान करणे किंवा शस्त्रक्रिया, हेच पर्याय उरतात. दिवस जातील तसा अंड्यातील द्रव घट्ट होत जातो आणि सुईचा मार्गही बंद होतो.

भारतात देशी साप घरी पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. बॉल पायथनसारख्या विदेशी जातींची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ या शासकीय संकेतस्थळावर करावी लागते. पिल्ले झाल्यास तीही कळवावी लागतात. सर्पमित्रांचा प्रश्न वेगळा. नागाची मादी साधारण एप्रिल ते जुलै या काळात अंडी घालते आणि नेमक्या याच दिवसांत घराघरांतून साप पकडण्यासाठी बोलावणी येतात. पकडलेली जड अंगाची मादी बरणीत किंवा पिशवीत दिवसेंदिवस राहिली, तर तिला अंडी घालण्यास ना जागा मिळते ना ऊब. अशा मादीला वन विभागाला कळवून, शक्य तितक्या लवकर, पकडलेल्या ठिकाणाजवळच्या योग्य अधिवासात सोडणे हाच तिच्यासाठी उपचार असतो.