बॅटरी घ्यावी तारीख पाहून

व्यापाऱ्याची गाडी म्हणजे चालते दुकान. सणाच्या तोंडावर गाठी भरलेल्या गाडीने सेल्फ घेतला नाही, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दारी जाते. अशा घाईत आपले बांधव हाती लागेल ती बॅटरी घेतात आणि लवकरच पुन्हा खर्चात पडतात. म्हणून काही कामाच्या गोष्टी आम्ही येथे मांडत आहोत.

आधी तपासणी
सेल्फ लागला नाही म्हणजे बॅटरी गेलीच, असे नव्हे. टर्मिनलवर साचलेली भुकटीही कारण असते. गाडी काही तास बंद ठेवून मीटर लावावा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. उतरलेली बॅटरी चार्ज करून लोडवर तपासून घ्यावी. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. तेवढे न दिसल्यास अल्टरनेटर, पट्टा व वायरिंग पाहावे. नाहीतर नवी बॅटरीही उतरेल.

निवड
गाडीच्या पुस्तिकेत दिलेले अँपिअर-तास, आकार आणि टर्मिनलची बाजू जुळली पाहिजे. डिझेल इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो, म्हणून तेथे कमी ताकदीची बॅटरी बसवून पैसे वाचत नाहीत. सिग्नलवर आपोआप बंद होणाऱ्या गाडीला तिच्यासाठी सांगितलेल्या प्रकारचीच बॅटरी लागते.

मग तारीख. दुकानात पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरते, आतल्या पट्ट्यांवर थर धरतो. आपल्याकडचा उन्हाळा हे काम आणखी लवकर करतो. तीन महिन्यांच्या आत बनलेली उत्तम, सहा महिन्यांपूर्वीची नको. तारखेचा कोड दुकानदाराकडूनच वाचून घ्यावा.

वॉरंटीचे महिनेही नीट मोजावेत. ४८ महिन्यांपैकी २४ महिनेच मोफत बदली, पुढे फक्त किमतीत सूट, असा करार असू शकतो. विक्रीची तारीख आणि बॅटरीचा नंबर पक्क्या बिलावर व कार्डावर हवाच.

जुनी बॅटरी
येथे सवाल फक्त नफ्याचा नाही. बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसे असतो, म्हणून भंगारवाला दोन पैसे जास्त देतो. पण गल्लीत बॅटरी फोडून शिसे वितळवले, की त्याचा धूर व धूळ कारागिराच्या अंगात जाते आणि तेथे खेळणाऱ्या मुलांच्या मेंदूला कायमची इजा होते. तेजाब गटारात जाते ते वेगळेच. २००१ च्या नियमांत विक्रेत्यांवर जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी होती. २०२२ च्या नव्या नियमांनी ती मुख्यतः बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. तेव्हा जुनी बॅटरी नव्या बॅटरीच्या दुकानातच द्यावी आणि तिची वजावट बिलावर लिहून घ्यावी.

शेजाऱ्याच्या मुलाला इजा करून वाचलेल्या पैशात बरकत कुठली?