कपाळावर ठिपके आहेत की नाहीत

मेळघाटात कोवळ्या उन्हात सागाच्या निष्पर्ण फांदीवर छोटंसं घुबड दिसलं की जाणत्या माणसालाही आधी शंका येते: हा गावोगावचा साधा पिंगळा, की रानपिंगळा? दोघंही साधारण साळुंकीएवढे, दोघंही दिवसाउजेडी दिसणारे. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके गच्च असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळपास कोरं, पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा आणि शेपटीवर रुंद पट्टे. पन्नास मीटरवरून नुसत्या डोळ्यांना यातलं फारसं काही कळत नाही.

आणि हा पक्षी ‘मी पाहिला’ एवढ्यावर भागणारा नाही. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना कुणाला मिळाला नव्हता. ब्रिटिश पक्षिसंग्राहक माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ साली मिळवला म्हणून सांगितलेला नमुना मुळात जुनाच, दुसऱ्याचा होता. चोरलेल्या पक्ष्यावर नवी चिठ्ठी लावली होती, हे अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी उघडकीला आणलं. त्याच रासमुसेन यांना बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा दिसला आणि त्यांनी त्याचं चित्रीकरणही केलं. पुढे मेळघाट हे त्याचं महत्त्वाचं ठिकाण असल्याचं स्पष्ट झालं.

अमरावती-अकोल्याच्या पक्षिमित्राला परवडणारा कॅमेरा निवडायचा असतो तो याच कामासाठी. त्याला कॅलेंडरवर छापण्याजोगं चित्र नको असतं, पुरावा हवा असतो. मिररलेस बॉडी आणि १५०-६०० मिलिमीटरची लेन्स घ्यायची म्हटलं तर हिशेब लाखाच्या पार जातो. छत्री तलावावर किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या आवारात रविवारी सकाळी फिरणाऱ्या शिक्षकाला, बँक कर्मचाऱ्याला तो झेपत नाही. मग उरतो ब्रिज कॅमेरा: दिसायला डीएसएलआरसारखा, पण लेन्स कायमची जडलेली.

दुकानात पहिला प्रश्न ठरलेला. ‘झूम किती हाय भाऊ?’

उत्तर ऐकून गिऱ्हाईक हरखतं. निकॉनच्या पी९०० ने २०१५ साली ८३ पट झूम दिला आणि २००० मिलिमीटरचा आकडा सर्वांच्या तोंडी झाला. २०१८ च्या पी१००० ने तो ३००० वर नेला. यातली मेख सेन्सरमध्ये आहे. पी९०० ची लेन्स प्रत्यक्षात ३५७ मिलिमीटरचीच. मागचा सेन्सर जेमतेम ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, म्हणून चित्राची चौकट तेवढी अरुंद होते आणि फुल फ्रेमच्या भाषेत तिला २००० म्हणतात. फुल फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ याच्या तिसेक पट. स्वस्ताईचं मूळ इथंच आहे आणि रडगाणंही इथंच. एवढ्याशा सेन्सरवर प्रकाश कमी पडतो, आयएसओ ८०० च्या पुढे पिसांचा चिखल व्हायला लागतो.

तरीही रानपिंगळ्यापुरता हिशेब मांडून पाहावा. पन्नास मीटरवर ६०० मिलिमीटरची चौकट तीन मीटर रुंद असते. २३ सेंटिमीटरचं घुबड तिच्यात हरवतं. २००० वर तीच चौकट ९० सेंटिमीटरची होते, घुबड तिची तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उंची व्यापतं आणि कपाळावर ठिपके आहेत की नाहीत ते दिसतं. मंगोलियात गळपट्टी घातलेले पट्टकदंब हिवाळ्यात विदर्भातल्या तलावांवर उतरले आहेत. त्या पट्टीवरचा क्रमांक पाण्यापलीकडून वाचायचा तर असाच लांब हात लागतो.

पण चौकट जितकी अरुंद, तितका पक्षी तिच्यात सापडवणं अवघड. म्हणून झूमच्या आकड्याआधी व्ह्यूफाइंडर पाहावा, असं या लेखकाचं ठाम मत आहे. वऱ्हाडातल्या उन्हात मागचा स्क्रीन आरशासारखा होतो, तिथे डोळा लावूनच काम होतं. पी९०० च्या व्ह्यूफाइंडरला सव्वानऊ लाख ठिपके, तर २०२० च्या पी९५० ला साडेतेवीस लाख. शिवाय पी९५० मध्ये रॉ फाइल मिळते, पी९०० मध्ये ती नव्हती. लेन्सच्या अंगाला एक बटण असतं: दाबून धरलं की झूम क्षणभर मागे येतो, पक्षी दिसतो, सोडलं की पुन्हा पुढे जातो. जाहिरातीत त्याचा कुणी मोठा गाजावाजा करत नाही. रानात मात्र बोट सारखं तिथेच जातं. कॅननच्या एसएक्स७० मध्ये याच कामाचं बटण आहे, झूम १३६५ चा, व्ह्यूफाइंडर पी९५० च्या तोडीचा आणि वजन ६१० ग्रॅम. पी१००० भरतो जवळपास १४०० ग्रॅम. नरनाळ्याचा चढ दोन्ही गळ्यात अडकवून चढून पाहिला की फरक मानेला कळतो.

पॅनासॉनिकचा एफझेड८२ रुंद बाजूला २० मिलिमीटरपर्यंत जातो, किल्ल्याचा अख्खा दरवाजा घेतो. २०२४ च्या सुधारित आवृत्तीत व्ह्यूफाइंडरही सुधारला. सोनीचा आरएक्स१० मार्क ४ या सगळ्यांत उजवा, एक इंची सेन्सरचा, चौपट क्षेत्रफळाचा. पण झूम ६०० वर संपतो आणि किंमत लाखाच्या पुढे, तेव्हा परवडणाऱ्यांच्या रांगेत त्याला बसवता येत नाही.

उन्हाळ्याचं गणित वेगळं. एप्रिल-मे मध्ये अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो, आणि पाणवठ्यावर प्राणी दिसण्याचे दिवसही हेच. दिवस वर आला की तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, प्रकाश वाकडातिकडा होतो, फोकस भिरभिरत राहतो. इमेज स्टॅबिलायझेशन हाताचा कंप सावरतं, हवेचा नाही. दोनशे मीटरवरचं सांबर ३००० मिलिमीटरवर पाण्यात बुडाल्यासारखं दिसतं. वऱ्हाडात पी१००० साठी जादा पैसे मोजणं पटत नाही ते यामुळेच.

बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसणाऱ्यांनीही फार आशा ठेवू नये. झूम पूर्ण ताणला की पी९५० चं अ‍ॅपर्चर एफ६.५ वर येतं आणि चांदण्यातलं अस्वल काळ्यावर काळंच उमटतं. गंमत अशी की त्याच रात्री चंद्राचा फोटो झकास येतो, त्याच्यावर उन्हच पडलेलं असतं ना! २००० वर तो चौकटीची पाऊण उंची भरतो.

नव्या मालाची अडचण वेगळीच. जगभर २०१० साली बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ साली पाऊण कोटीच्या आसपास. मोबाइलने बाजार खाल्ला, ब्रिजची नवी मॉडेलं क्वचित निघतात, म्हणून वापरलेला कॅमेरा घेण्याला पर्याय नसतो. तिथे धूळ हा कळीचा मुद्दा. लेन्स बदलायची नसल्याने धूळ जात नाही, ही समजूत चुकीची: नळी पुढेमागे होताना हवा ओढते आणि सेमाडोहच्या रस्त्यावरचा फुफाटा आत नेते. एकदा आत गेलेली धूळ फडक्याने निघत नाही, सर्व्हिस सेंटरच गाठावं लागतं. तेव्हा पैसे मोजण्याआधी निरभ्र आकाशाचा एक फोटो काढून करडे डाग शोधावेत, झूम पूर्ण ताणून नळी डगमगते का बघावं. मग दुकानाबाहेर येऊन समोरच्या तारेवरच्या कबुतरावर फोकस किती वेळात बसतो ते मोजावं. पी९५० एका चार्जिंगवर २९० च्या आसपास फोटो देतो. दुसऱ्या बॅटरीचे पैसे त्याच सौद्यात धरावेत, कारण मेळघाटातल्या कितीतरी गावांत वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो.