मुंबई ते नागपूर : विमानाला वेळ किती?

मुंबईत सांताक्रूझच्या पूर्वेला वाकोला आहे. विमानतळ त्याला लागूनच. रात्रंदिवस तिथे विमानांची घरघर ऐकू येते. समजा, वाकोल्यातल्या एका माणसाला नागपूरला तातडीने जायचे आहे. घरी आई आजारी आहे. विमानाने तो किती वेळात पोहोचेल? चला, आपण हिशेब मांडू या.

आधी अंतर पाहू. गाडीवाटेने शेजारच्या गावी जाताना ओढ्याला वळसा पडतो. बांधावरून सरळ गेले, तर वाट कमी होते. रेल्वेचेही तसेच आहे. ती कसाऱ्याचा घाट चढते. नाशिक, मनमाड, भुसावळ, वर्धा अशी गावे घेत जाते. तिची वाट 837 किलोमीटर भरते. समृद्धी महामार्ग 2025 साली पुरा झाला. तो 701 किलोमीटर आहे. विमानाला ना घाट आडवा येतो, ना नदी. त्याची सरळ वाट सुमारे 685 किलोमीटर.

आता वेळ पाहू. मोठे विमान उंचावर तासाला सुमारे 800 किलोमीटर जाते. म्हणजे नागपूर तासाच्या आतच यायला हवे. मग तिकिटावर दीड तासाच्या आसपास वेळ का बरे असते?

कारण विमान उभ्या जागेवरून एकदम उडत नाही. आधी ते जमिनीवर चालत धावपट्टीपाशी जाते. पुढे विमाने असतील, तर रांगेत थांबते. वर चढताना आणि खाली उतरताना त्याचा वेग कमी असतो. उतरायला जागा मोकळी नसेल, तर आकाशात घिरट्याही घालाव्या लागतात. शिवाय वारा आहे. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. नागपूरकडे जाताना तो विमानाला पाठीमागून रेटतो. परत येताना तोच तोंडावर येतो. मग काही मिनिटे जास्त लागतात.

पण आपला हिशेब इथे संपत नाही. विमान सुटण्याच्या दोन तास आधी विमानतळावर पोहोचावे. सामान द्यायचे, तपासणी व्हायची. वाकोल्याहून विमानतळ जवळ खरा, पण वाटेतल्या गर्दीसाठी तासभर हाताशी ठेवावा. नागपूरला सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास धरावा. सगळे मिळून झाले पाच तास! गाव वर्ध्याकडे असेल, तर पुढचा रस्ता आणखी वेगळा.

म्हणून नुसता वेग पाहून भागत नाही, मेळ बसावा लागतो. 1949 साली रात्रीची टपाल विमाने सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून ती निघत आणि मध्यरात्री नागपूरला एकत्र येत. थैल्यांची अदलाबदल होई आणि विमाने परत फिरत. ती विमाने आजच्यापेक्षा पुष्कळ हळू होती. तरी संध्याकाळी टाकलेले पत्र सकाळी दूरच्या शहरात जाई. वेळेचा मेळ नीट घातला होता, म्हणून हे जमले.

आपणही तेच करावे. समजा, रात्रीचे शेवटचे विमान गेले आणि पुढचे थेट दुसऱ्या दिवशी दुपारी आहे. अशा वेळी रात्रीची रेल्वे आपल्याला आधी पोहोचवते. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी एकच गोष्ट विचारावी : घराच्या दारात आपण किती वाजता पोहोचू?