शौचातले रक्त आणि पोटातले जिवाणू

शौचातून रक्त पडले की आपल्याकडे दोनच निदाने ठरलेली असतात : मूळव्याध, नाहीतर उष्णता. मग कुणी सांगितलेले चूर्ण, झाडपाला किंवा मेडिकलमधून आणलेल्या चार गोळ्या. बाया तर घरात कुणाला सांगतही नाहीत. नर्स म्हणून वॉर्डात काम करताना आणि आता वस्तीत शिबिरे घेताना मी हे सतत पाहते. पुष्कळांना खरोखर मूळव्याधच असते. पण ज्यांना ती नसते, त्यांचे आतडे आतून धुमसत असते आणि उपचाराची वेळ निघून जाते. म्हणून आतड्यात काय चालते ते आधी समजून घेऊ.

माणसाच्या शरीरात अंदाजे 38 लाख कोटी जिवाणू राहतात. त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात असतात. ते आपले शत्रू नाहीत. भाकरी, डाळी, भाज्या यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार करतात. आतड्याच्या अस्तरातील पेशी मुख्यतः याच आम्लावर जगतात. जिवाणू आणि अस्तर यांच्यामध्ये बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो. त्यामुळे दोघे शेजारी असूनही वेगळे राहतात.

आहारात चोथा नसला की काही जिवाणू हा थरच खाऊ लागतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. थर पातळ झाला की जिवाणू अस्तराला भिडतात. शरीराची संरक्षक यंत्रणा चवताळते, सूज येते, जखमा होतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या आजारांत हा दाह वर्षानुवर्षे राहतो. त्यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो. पण हा आजार होईल असेच जनुकीय बदल केलेले उंदीर पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवले, तर त्यांना हा दाह होत नाही. म्हणजे दाह पेटायला जिवाणू लागतातच.

जुना दाह कर्करोगाकडे नेऊ शकतो. शिवाय काही जिवाणू थेट घाव घालतात. इ. कोलाय हा आपल्या पोटातला नेहमीचा जिवाणू. त्याच्या काही जाती कोलिबॅक्टिन हे विष बनवतात आणि ते पेशीतील डीएनए तोडते. 2012 साली अमेरिकेत उंदरांवर प्रयोग झाला. या जिवाणूची विष बनवणारी जनुके काढून टाकली, तेव्हा दाह तेवढाच राहिला, पण गाठी कमी झाल्या. 2020 साली नेदरलँड्समधील संशोधकांनी या विषाची डीएनएवरची खूण ओळखली. ती आतड्याच्या कर्करोगाच्या काही रुग्णांच्या गाठींतही सापडली. तोंडात, हिरड्यांत राहणारा फ्युजोबॅक्टेरियमही अशा गाठींत आढळतो.

याचा अर्थ जिवाणू मारण्याच्या गोळ्या खाव्यात असा नाही. उलट स्वतःच्या मनाने घेतलेली अँटिबायोटिक्स उपयोगी जिवाणूही मारतात. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी, हरभरा, पालेभाजी हे जिवाणूंचे खरे खाद्य. मैद्याचे पाव-बिस्किटे रोजची नकोत. तंबाखू आणि दारू सोडा. मात्र दाहाचा आजार असेल, तर चोथा किती खायचा हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आतड्यातल्या साध्या गाठीचा कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षे लागतात. तेवढ्या काळात ती दुर्बिणीने काढता येते. म्हणून पुढील लक्षणे दिसल्यास रुग्णालय गाठा :

• शौचातून रक्त किंवा शेम पडणे, काळी शौच
• तीन आठवड्यांहून अधिक काळ जुलाब, किंवा शौचाची सवय बदलणे
• कारण नसताना वजन घटणे
• पुरुषांमध्ये किंवा पाळी गेलेल्या बाईमध्ये रक्त कमी होणे

‘मूळव्याध आहे’ असे सांगितले, तरी गुदद्वाराची तपासणी झाली का, हे विचारा. ती दोन मिनिटांची असते. गरज पडली तर कोलोनोस्कोपी करतात. आपल्या देशात आतड्याचा टीबीही क्रोन्ससारखाच दिसतो आणि दोन्हींचे उपचार अगदी वेगळे असतात. तेव्हा नक्की निदान झाल्याशिवाय स्टेरॉइड सुरू करू नयेत. कोलायटिस होऊन आठ वर्षे झाली असतील, तर त्रास नसला तरी नियमित कोलोनोस्कोपी हवी. आई-वडील किंवा भावंडांना हा कर्करोग झाला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ही तपासणी होते. कर्करोगाच्या उपचारांसाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत न्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना, आईला, सासूला शौचाबद्दल स्पष्ट शब्दांत विचारा. त्या आपणहून सांगणार नाहीत.