काक्षी मंदावला तेव्हा

२०१९ च्या अखेरीस मृग नक्षत्रातला काक्षी, म्हणजेच बीटलज्यूस, झपाट्याने मंदावू लागला आणि २०२० च्या फेब्रुवारीत त्याच्या तेजाची प्रत १.६ पर्यंत घसरली (प्रतीचा आकडा मोठा, तसा तारा मंद). एरवी ती ०.५ च्या आसपास असते. म्हणजे तेज नेहमीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आले होते. तारा आता फुटणार, अशा बातम्या जगभर झळकल्या. तारा फुटला नाही आणि काही आठवड्यांत पूर्ववत उजळला. आज त्या हिवाळ्याचा मागोवा घेताना एक गोष्ट स्पष्ट दिसते. काक्षीचे कोडे बऱ्याच अंशी सुटले, त्याचे श्रेय नव्या दुर्बिणींइतकेच चिकाटीने ठेवलेल्या जुन्या नोंदींनाही आहे.

हा तारा पहिल्यापासूनच ठरीव चौकटीत बसलेला नाही. योहान बायरने १६०३ च्या नकाशात त्याला या तारकासमूहातला ‘अल्फा’ म्हटले, पण बहुतेक वेळा मृगातलाच राजन्य (रायजेल) त्याच्याहून उजळ असतो. आपल्याकडे आर्द्रा नक्षत्राचा योगतारा, म्हणजे मुख्य तारा, म्हणून अनेकांनी त्याच्याकडे बोट दाखवले. मात्र सूर्यसिद्धांतात आर्द्रेचा दक्षिण शर (क्रांतिवृत्तापासूनचे अंतर) ९ अंश दिला आहे आणि काक्षीचा भरतो सुमारे १६. त्याचे तेज स्थिर नाही, हे जॉन हर्शेलने १८३६ मध्ये केप ऑफ गुड होपहून ताडले. रूपविकारी ताऱ्यांत काक्षीची गणना झाली ती तेव्हापासून. १९२० मध्ये मायकेलसन आणि पीज यांनी माउंट विल्सनवर त्याचा कोनीय व्यास मोजला. सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्याचे असे हे पहिलेच मापन. पृष्ठभागाचे तापमान सुमारे ३,५०० केल्विन, पण आकार असा की सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळाची कक्षाही पोटात घेईल. हा तांबडा महाराक्षसी तारा सुमारे ४०० दिवसांच्या चक्रात फुगतो आणि आकसतो. त्यावर जवळजवळ सहा वर्षांचे आणखी एक चक्र चढलेले आहे. हे दोन्ही आकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या बहुतांशी डोळ्यांनी घेतलेल्या नोंदींतूनच हाती आले.

यावर कोणी म्हणेल, डोळ्यांनी केलेल्या अंदाजात काय राम आहे? दोन निरीक्षकांत एक-दोन दशांश प्रतीचा फरक सहज पडतो. खरे आहे, पण अनेकांच्या नोंदी एकत्र केल्या की तो फरक बराचसा मिटतो, आणि फेब्रुवारी २०२० ची घसरण तर या फरकाच्या कितीतरी पट मोठी होती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कारण शोधले ते मोठ्या दुर्बिणींनी, मग नोंदींची मातब्बरी कसली? चिलीतल्या ‘व्हेरी लार्ज टेलिस्कोप’ने डिसेंबर २०१९ मध्ये घेतलेल्या चित्रात ताऱ्याचा दक्षिण भाग काळवंडलेला दिसला, हे कबूल. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूची धूळ झाली आणि पृष्ठभागही थोडा थंडावला, असा त्याचा उलगडा झाला. पण डिसेंबरातच तिकडे पाहायला हवे, हे सुचवले ते उतरत्या आलेखाने. शिवाय एवढ्या उजळ ताऱ्याचे तेज रोज मोजणे मोठ्या दुर्बिणींच्या संवेदकांना सहसा झेपत नाही. तापमानाची साक्ष तर ‘हिमावारी-८’ या जपानी हवामान उपग्रहाच्या चित्रांतून निघाली. पृथ्वीच्या कडेशी काक्षी त्यात आपसूक टिपला गेला होता.

बंगळुरूला नोंदींचा हा मुद्दा विशेष लागू पडतो, कारण तिला अशा नोंदींचा वारसा आहे. १.६ हा आकडा ज्या पट्टीवर वाचायचा, ती पट्टी नॉर्मन पॉगसनने १८५६ मध्ये मांडली. पुढे तो मद्रास वेधशाळेचा प्रमुख झाला. तिथेच चिंतामणी रघुनाथाचार्यांनी १८६७ मध्ये ‘आर रेटिक्युली’ हा रूपविकारी तारा शोधला. ती परंपरा कोडाईकनालला गेली. १९१२ मध्ये पुण्याची महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा बंद झाल्यावर तिची उपकरणेही तिथेच पोचली. या वारशातून आलेली भारतीय खगोलभौतिकी संस्था आज कोरमंगलात आहे आणि लडाखमधल्या हानले इथली दोन मीटरची दुर्बीण शहराजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवली जाते.

शहरात दिव्यांच्या झगमगाटात आकाश उरलेच कुठे, ही तक्रार रास्त आहे. काक्षीपुरती मात्र ती टिकत नाही. बंगळुरूहून तो मध्यावर येतो तेव्हा माथ्यापासून जेमतेम सहा अंश दक्षिणेला असतो आणि दिव्यांच्या उजेडातही स्पष्ट दिसतो. फेब्रुवारीत रात्री आठच्या सुमारास गच्चीवर जावे. रोहिणीची प्रत ०.९ आणि मृगाच्या दुसऱ्या खांद्यावरच्या बेलाट्रिक्सची १.६ धरावी. काक्षी रोहिणीहून उजळ आहे की या दोघांच्या मध्ये, मध्ये असल्यास कोणाच्या जवळ, हे ठरवून तारीख, वेळ आणि अंदाजे प्रत लिहावी. आठवड्याला एक नोंद पुरे. काक्षी पुन्हा कधी मंदावेल हे सांगता येत नाही, म्हणून नोंदी आधीपासूनच हव्यात.