घराआधी पाण्याची वाट

नॉर्थ कॅरोलायनात रॉली, केरी, एपेक्स या पट्ट्यात राहणारी मराठी मंडळी भेटली की हल्ली एक विषय हटकून निघतो. तयार घर घ्यायचं की अर्धा एकराचा लॉट घेऊन मनासारखं बांधायचं? बांधायचं ठरलं की चर्चा स्वयंपाकघरातल्या आयलंडपासून देवघराच्या दिशेपर्यंत रंगते. बांधकाम चालू असताना त्या अर्ध्या एकरावर जो पाऊस पडेल तो कुठे जाणार, हा प्रश्न मात्र कुणाच्या यादीत नसतो. ‘ते बिल्डर बघेल’ असं आपण धरून चालतो. बिल्डर बघतोही, पण इन्स्पेक्टरला दिसेल तेवढंच. बाकीचं तुम्हाला स्वतः बघता यावं म्हणून त्यामागचं विज्ञान आज समजून घेऊ.

सुरुवात आपल्या एका सवयीपासून करू या. आपल्याकडे घराचं काम दिवाळीनंतर निघतं आणि जोतं पावसाळ्याआधी उरकायचं असतं. उघड्या मातीला सात-आठ महिने पावसाची भीती नसते, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. इथे तशी सोय नाही. रॉलीत वर्षाला साधारण 45 इंच, म्हणजे 1100 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो बाराही महिन्यांत वाटलेला असतो. उन्हाळ्यात दुपारची वादळं, सप्टेंबरात चक्रीवादळांचे अवशेष, हिवाळ्यात दोन-दोन दिवसांची रिपरिप. ‘पावसाआधी उरकू’ हे वाक्यच इथे लागू पडत नाही. खोदलेली जमीन पाऊस झेलणारच, हे धरूनच काम आखावं लागतं.

किती पाऊस? अर्ध्या एकरावर एक इंच पाऊस म्हणजे सुमारे 51 हजार लिटर पाणी. पुण्यातल्या सोसायटीत येणारे दहा हजार लिटरचे टँकर आठवा, तसे पाच. लॉटवर झाडी असताना यातलं बरंचसं पानं, पालापाचोळा आणि मुळांनी भुसभुशीत झालेली माती पिऊन टाकते. आता झाडं काढली, वरची काळपट माती खरवडून बाजूला ढीग केली आणि उरलेल्या लाल चिकणमातीवरून बुलडोझर दहा वेळा फिरला. जमीन जवळजवळ फरशीसारखी झाली. अभियंते यासाठी एक साधा गुणाकार वापरतात: पावसाचा वेग गुणिले क्षेत्रफळ गुणिले वाहून जाणारा हिस्सा. तासाला चार इंच या वेगाने सर आली, आणि इथल्या उन्हाळी वादळात दहा मिनिटं तशी सर येणं काही नवल नाही, तर झाडीच्या अर्ध्या एकरावरून सेकंदाला साधारण 11 लिटर पाणी बाहेर पडेल. त्याच उघड्या, दाबलेल्या जमिनीवरून 34 लिटर. पाऊस तोच, जागा तीच, पाणी तिप्पट.

पाणी वाढलं की त्याचा वेगही वाढतो, आणि खरी गंमत तिथे आहे. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते ढकलू शकेल अशा दगडाचं वजन ढोबळमानाने 64 पट होतं. म्हणून काल नुसती ओल दिसत होती तिथे आज हातभर खोल घळ पडलेली दिसते.

पण मातीची धूप वाहत्या पाण्याने सुरू होत नाही, ती थेंबाने सुरू होते. मोठा थेंब जमिनीवर येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला आठ-नऊ मीटर असतो. उघड्या मातीवर तो छोट्या हातोड्यासारखा आदळतो, ढेकळं फोडतो आणि कण उडवतो. कोकणातल्या मातीच्या भिंतींच्या घरांना पावसाळ्याआधी झावळ्यांचे झाप का बांधत, ते आठवलं की हे लगेच कळतं. फुटलेले बारीक कण जमिनीच्या छिद्रांत जाऊन बसतात, पृष्ठभाग लिंपल्यासारखा बंद होतो, आणि पुढचं पाणी मुरायचं सोडून वाहू लागतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या म्हणण्यानुसार बांधकामाच्या जागेवरून वाहून जाणारी माती शेतजमिनीच्या 10 ते 20 पट आणि जंगलाच्या 1000 ते 2000 पट असते.

आता ही वाहून निघालेली माती अडवायची कशी? तुम्ही कुठल्याही बांधकामाजवळून गेलात तर गुडघ्याएवढी काळी कापडी कुंपणं दिसतील. ती सिल्ट फेन्स. बघणाऱ्याला वाटतं, हे कापड म्हणजे चहाची गाळणी. पाणी पलीकडे जाईल, माती अलीकडे राहील. तसं ते चालत नाही. कापडाची छिद्रं गाळाने थोड्याच वेळात बुजतात. सिल्ट फेन्स हा खरं तर छोटा बंधारा आहे. पाण्याला काही काळ थांबवायचं आणि तेवढ्यात कण तळाशी बसू द्यायचे, एवढंच त्याचं काम. म्हणजे सगळा प्रश्न एकाच गोष्टीवर येऊन थांबतो: कण तळाशी बसायला किती वेळ लागतो?

याचं उत्तर जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात देऊन ठेवलं आहे. स्थिर पाण्यात कण बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. एक दशांश मिलिमीटरचा बारीक वाळूचा कण एक मीटर पाण्यातून खाली यायला साधारण दोन मिनिटं घेतो. त्याच्या दहापट लहान पोयट्याचा कण तीन तास घेतो. आणि त्याच्याही दहापट लहान, म्हणजे चिकणमातीचा कण? सुमारे तेरा दिवस. तेसुद्धा पाणी अजिबात हललं नाही तर.

इथली माती कुठली आहे? नॉर्थ कॅरोलायनाची राज्य-माती म्हणून ओळखली जाणारी माती ‘सेसिल’ नावाची आहे: वर पातळसा थर आणि खाली लोहामुळे लालभडक झालेली चिकणमाती. कोकणच्या लाल मातीची आठवण यावी असा रंग. वरचा बराच थर तर जुन्या काळच्या कापूस-तंबाखूच्या शेतीने आधीच धुऊन नेला आहे, त्यामुळे फावडं मारलं की लाल माती वर येते. सिल्ट फेन्स वाळू अडवते, जाडसर पोयटा अडवते. हे लाल पाणी मात्र तिच्यासमोरून सरळ निघून जातं. तेरा दिवस थांबायला ते मोकळं नसतं.

ते जातं रस्त्याच्या कडेच्या जाळीत, तिथून ओढ्यात, तिथून तलावात. इथे एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. रस्त्यावरची ती जाळी आणि घरातलं सांडपाणी यांच्या नळ्या वेगळ्या असतात. जाळीतलं पाणी शुद्धीकरण केंद्रात जात नाही. रॉलीचं पिण्याचं पाणी न्यूस नदीवरच्या फॉल्स लेकमधून येतं, केरी आणि एपेक्सचं जॉर्डन लेकमधून. चिकणमातीचे कण फॉस्फरस धरून ठेवतात, आणि फॉस्फरस म्हणजे शेवाळाचा खुराक. तलावात उतरलेली लाल माती शेवटी आपल्याच नळाच्या शुद्धीकरणाचा खर्च वाढवते.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची युक्ती इथेही वापरतात. पॉलिअ‍ॅक्रिलमाइड नावाच्या पदार्थाने बारीक कण एकमेकांना चिकटून त्यांचे गुच्छ होतात आणि मग ते लवकर बसतात. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात यावर बरीच वर्षं काम झालं आहे. चरात ठेवलेल्या काथ्याच्या गुंडाळ्यांवर ही पूड टाकतात. आपला काथ्या इथल्या ओढ्यांची राखण करतो हे वाचून मला उगाच बरं वाटलं. पण एका घराच्या लॉटवर एवढा खटाटोप सहसा कुणी करत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पैसा आणि लक्ष माती अडवण्यापेक्षा ती सुटूच न देण्यावर घालवावं. त्याची दोन साधनं आहेत आणि दोन्ही स्वस्त आहेत.

पहिलं म्हणजे पेंढा. एकराला दोन टन या हिशेबाने पसरला तर धूप नव्वद टक्क्यांहून अधिक कमी होते, कारण थेंबाचा मार पेंढा खातो. अर्ध्या एकराला एक टन, म्हणजे चाळीस पौंडांच्या पन्नासेक गासड्या. घराच्या एकूण खर्चात हा आकडा दिसणारही नाही. खाली गवताचं बी टाकलं असेल तर सोन्याहून पिवळं. जिथे काही दिवस काम होणार नाही तो प्रत्येक तुकडा झाकायचा, बाजूला रचलेल्या मातीचा ढीगसुद्धा. इथल्या नियमांत तीव्र उतार 7 दिवसांत आणि इतर जमीन साधारण 14 दिवसांत झाकण्याची मुदत आहे, पण हवामानाच्या अंदाजात वादळ दिसत असेल तर मुदतीची वाट कशाला बघायची?

दुसरं साधन आपल्या शेतकऱ्यांना सांगायची गरज नाही: वरच्या अंगाला चर. शेजारच्या उंच लॉटवरून येणारं पाणी स्वच्छ असतं. ते तुमच्या उघड्या मातीवर येण्याआधीच चर आणि छोटा बांध घालून बाजूने वळवलं तर निम्मं संकट टळतं. मात्र चराचा शेवट खडीवर किंवा दाट गवतावर व्हायला हवा, नाहीतर तिथेच नवी घळ पडते.

सिल्ट फेन्स तरीही लागतेच, कायद्यासाठी आणि जाड गाळासाठीही. ती बरोबर लावली आहे का हे तुम्ही पाच मिनिटांत तपासू शकता. कापडाची खालची कड निदान सहा इंच जमिनीत पुरलेली हवी. नुसती लोंबत असेल तर पाणी खालून जाईल. कुंपण समपातळीत हवं आणि दोन्ही टोकं चढाकडे वळलेली हवीत, म्हणजे पाणी कडेने निसटत नाही. खांब उताराच्या बाजूला. उंचीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत गाळ आला की तो काढायचा. आणि चर किंवा ओहळ आडवा अडवायला सिल्ट फेन्स कधीच वापरायची नाही, पहिल्याच जोराच्या पावसात ती आडवी होते. गाड्या जिथून आत येतात तिथे जिओटेक्स्टाइल कापडावर दोन-तीन इंची खडीचा सहा इंच थर हवा, म्हणजे चाकांचा चिखल रस्त्यावर उतरत नाही.

सगळ्यात दुर्लक्षित दिवस म्हणजे छप्पर चढतं तो. आता दोन हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस म्हणजे सुमारे 4700 लिटर पाणी, आणि पन्हळी बसायला अजून कित्येक आठवडे असतात. जाता जाता: इथल्या इंग्रजीत गटर म्हणजे ही छपराची पन्हळ, आपलं सांडपाण्याचं गटर नव्हे. सुपरवायझरशी बोलताना मराठी कान फसतो. तर हे सगळं पाणी पागोळ्यांतून थेट पायाच्या भिंतीला लागून भरलेल्या भुसभुशीत मातीवर पडतं. तिथून ते क्रॉल स्पेसमध्ये, म्हणजे इथल्या घरांखाली असते त्या दोन-चार फुटी पोकळीत, उतरतं. नवीन घरात शिरण्याआधीच खालच्या लाकडाला ओल लागते. छपरापाठोपाठ पन्हळी बसवून घ्या आणि त्यांना तात्पुरते काळे प्लॅस्टिकचे पाइप जोडून पाणी पायापासून लांब, झाकलेल्या जमिनीवर सोडा. पायाभोवतीच्या छिद्रांच्या पाइपात छपराचं पाणी मात्र कधी जोडू देऊ नका. तो पाइप भुईतली ओल बाहेर काढायला असतो. त्यात छपराचं पाणी घातलं तर तो पायालाच पाणी पाजतो.

कायद्याबद्दल थोडं. एक एकराहून कमी जमीन उघडी करणाऱ्याला केंद्राचा स्टॉर्मवॉटर परवाना सहसा लागत नाही. पण तुमचा लॉट मोठ्या वसाहतीच्या आराखड्याचा भाग असेल तर अर्धा एकरही त्या परवान्यात येतो. शिवाय शहराचे आणि काउंटीचे नियम वेगळे. आणि शेजारी आहेच. पूर्वी या राज्यात नैसर्गिक वाहणीला हात लावायचा नाही असा जुना दंडक होता; 1977 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याऐवजी वाजवी वापराचं तत्त्व स्वीकारलं. तुम्ही पाण्याची वाट बदलू शकता, पण त्याने शेजाऱ्याचं अवाजवी नुकसान झालं तर जबाबदारी तुमची. खालच्या घराच्या बॅकयार्डात लाल चिखल गेला तर तो बिल्डरकडे नाही, नव्या शेजाऱ्याकडे, म्हणजे तुमच्याकडे बोट दाखवेल. म्हणून करारावर सही करण्याआधीच लिहून घ्या: पेंढा कधी पसरणार, पावसानंतर कुंपण कोण बघणार, पन्हळी कधी बसणार, उतार मोजून कोण देणार.

तो शेवटचा उतार असा. पायापासून पहिल्या दहा फुटांत जमीन निदान सहा इंच खाली गेली पाहिजे, आणि ड्राइव्हवे किंवा पॅटिओसारख्या पक्क्या पृष्ठभागाला दोन टक्के उतार घरापासून बाहेरच्या दिशेने हवा. दोन घरांमध्ये जी उथळ गवताळ चर सोडलेली दिसते ती सजावट नाही, ती पाण्याची वाट आहे. तिच्यात वाफे, शेड किंवा तुळशीचा कट्टा बांधू नका.

हा उतार पहिल्या दिवशी बरोबर असला तरी पायाजवळ भरलेली माती वर्ष-दोन वर्षांत खाली बसते आणि उतार उलटा, घराकडे होतो. दुसऱ्या वर्षीच्या एखाद्या मोठ्या पावसात छत्री घेऊन घराभोवती एक चक्कर मारा. भिंतीशी डबकं दिसलं तर चिकण माती घालून, दाबून उतार परत करा. फक्त भिंतीवरच्या साइडिंगच्या खाली निदान सहा इंच पाया उघडा राहू द्या, नाहीतर ओल थांबेल आणि वाळवी येईल.