तळमजल्यावरील खोली आणि धर्माची परीक्षा

चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयाच्या वेशविषयक फर्मानाला सर्वोच्च न्यायालयाने शुक्रवारी, 9 ऑगस्ट 2024 रोजी, अंशतः स्थगिती दिली. हिजाब, टोपी आणि बिल्ला यांवरील मनाई तूर्त उठली; वर्गात बुरखा मात्र चालणार नाही, आणि या स्थगितीचा गैरवापर होऊ नये, अशी अपेक्षा न्यायासनाने बोलून दाखविली. पुढील सुनावणी त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ठेवली होती. परंतु मला या सर्वांहून मूळ सूचनेतील एक कलम अधिक बोलके वाटते. नकाब, हिजाब, बुरखा, टोपी, बिल्ला इत्यादी जे काही अंगावर असेल ते तळमजल्यावरील सामाईक खोलीत जाऊन उतरवावे आणि मगच महाविद्यालयात वावरावे, असे त्यात फर्माविले होते. म्हणजे फाटकापर्यंत मुलगी मुसलमान असली तरी हरकत नाही, जिन्याच्या पहिल्या पायरीपासून तिने केवळ विद्यार्थिनी व्हावे! विद्यार्थ्याचा धर्म उघड होऊ नये हा चालकांचा हेतू वरकरणी उदात्त आहे, हे मान्य. पण मग नावावरून धर्म कळत नाही काय, हा न्या. संजय कुमार यांचा प्रश्न, आणि टिळा लावून येणाऱ्यास अडविणार काय, ही न्यायासनाची पृच्छा, यांना उत्तर काय द्यावयाचे?

या वादात धर्माची परीक्षा घेण्याच्या किती तऱ्हा निघाल्या ते पाहण्यासारखे आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 26 जून 2024 रोजी याचिका फेटाळताना ती ग्रंथावरून घेतली. अर्जदार विद्यार्थिनींनी ‘कन्झुल ईमान’ या कुराणभाषांतराची इंग्रजी आवृत्ती आणि ‘सुनन अबू दाऊद’ हा हदीससंग्रह यांचा आधार दिला होता. तेवढ्यावरून हिजाब हा धर्माचा अनिवार्य भाग ठरत नाही, असे न्या. चांदूरकर आणि न्या. पाटील यांनी म्हटले. 1954 च्या शिरूर मठाच्या निकालापासून आपली न्यायालये ‘अत्यावश्यक आचार’ शोधण्याचे हे शास्त्रीबुवांचे काम करीत आली आहेत, आणि ते त्यांना फारसे साधलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. दिल्लीत महाविद्यालयाच्या वकिलांनी दुसरी तऱ्हा काढली: तेथे 441 मुसलमान विद्यार्थिनी शिकतात, तक्रार तिघींचीच. जणू श्रद्धा म्हणजे हात वर करून मंजूर करण्याचा ठराव आहे.

तिसरी तऱ्हा कोणत्याही दप्तरात सापडत नाही. ती लोकलमध्ये ऐकू येते. रबाळ्याहून वाशीला जावे, तेथे गाडी बदलावी, आणि मानखुर्द-गोवंडी ओलांडले की चेंबूर येते. औद्योगिक वसाहतीतील पाळी संपवून, गळ्यात ओळखपत्राची फीत अडकवून घरी निघालेल्या मंडळींत या निकालावर जो खल होतो, त्याचा सारांश एवढाच की ‘कितीही शिकल्या तरी ह्यांचे असेच!’ दाराशी काळ्या बुरख्यातील एक पोर, एका हाताने कडी धरून, दुसऱ्या हातातील हिशेबशास्त्राच्या झेरॉक्स चाळीत उभी असते. तिच्यावरून चौदा शतकांच्या धर्माचा निवाडा तुर्भे येण्यापूर्वी लागलेला असतो. आपल्याकडील विधवेच्या केशवपनाचा विषय निघाला की तीच मंडळी ‘ती रूढी, धर्म नव्हे’ म्हणून हात झटकतात. स्वतःचा धर्म पोथीतल्या उत्तमावरून आणि दुसऱ्याचा धर्म डब्यातल्या माणसावरून जोखावयाचा, ही सोय सर्वांनाच आवडते, आणि मुसलमान समाजातही ती कमी आवडते असे नाही.

हे सर्व लिहिताना हमीद दलवाई आठवतात. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा मराठी लेखक आपल्या समाजाला न दुखविता बोलणाऱ्यांपैकी नव्हता. 18 एप्रिल 1966 रोजी मुंबईत त्यांनी सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व यांना बंदी घाला, समान नागरी कायदा आणा, ही त्यांची मागणी होती. सातच! परंतु त्या सात जणींची संख्या अल्प म्हणून त्यांचे गाऱ्हाणे खोटे ठरत नव्हते. पुढे 22 मार्च 1970 रोजी पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिले, आणि त्या नावातच जोतीराव फुल्यांचे ऋण मान्य केले. पोथीत काय लिहिले आहे यापेक्षा बाईच्या वाट्याला काय येते, हा त्यांचा प्रश्न असे. पडद्याची भलामण त्यांनी केली नसती हे उघड आहे. पण त्यांचे नाव घेऊन मुलींना फाटकावर अडविणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की त्यांच्या मोर्चात बायका स्वतःच्या तोंडाने बोलत होत्या.

बुरख्यामागे घरची जबरदस्ती असते, हे पुष्कळदा खरे असते. परंतु ती असेल तर जेथे तिचा विळखा सैल होण्याचा संभव आहे, ते महाविद्यालयच बंद झाल्याने फायदा कोणाचा? बापाचा. 6 ते 14 वयोगटातील चौथा हिस्सा मुसलमान मुले एक तर शाळेत गेलीच नाहीत किंवा गळाली, असे सच्चर समितीने 2006 साली नोंदविले होते; कर्नाटकातील हिजाबबंदीवरील सर्वोच्च न्यायालयाच्या 2022 च्या विभाजित निकालात न्या. धुलिया यांनी मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न पुढे ठेवला तो याच चिंतेने.

आणि नजीर शोधावयाचीच असेल तर ती 1986 ची आहे. केरळातील यहोवाच्या साक्षीदार पंथाची तीन मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. शाळेने त्यांना काढले, न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी परत बसविले. तेथे न्यायालयाने पाहिले ते एवढेच, की श्रद्धा प्रामाणिकपणे बाळगलेली आहे किंवा नाही.

चालकांनी न्यायालयाची वाट न पाहता सूचनापत्र नव्याने लिहावे. रसायनशाळेत बर्नरपाशी सैल, लोंबते कापड नको; परीक्षेच्या दालनात ओळख पटण्यापुरता चेहरा पर्यवेक्षिकेस दाखवावा; हजेरी नियमाप्रमाणे भरावी. असे नियम कोणाही मुलीस, तिचे नाव काहीही असो, समजावून सांगता येतात, आणि त्यांसाठी तळमजल्यावरील खोलीची गरज लागत नाही.